बानं न दिलेली कबुली

"साहेब, ही माणसं जनावरांत जगतात. जनावरांसारखीच भडकतात. त्या क्षणी यांचं डोकं चालतच नाही."

हे सरकारी वकील बोलला असता तर समजलं असतं. त्याचं कामच ते. पण हे बोलला आमचा वकील. मेंढ्या विकून आम्ही लावलेला, क्रांती चौकात ज्याचं नाव सांगितलं की रिक्षावाला मान हलवतो असा वकील.

कोर्टात दबका हशा झाला. पुढच्या बाकावरचे दोन काळे कोट एकमेकांकडं बघून हसले. टायपिंग करणारी बाई हसली. पिंजऱ्यात माझा बा उभा होता. वकिलानं बोट त्याच्याकडं केलं, तसे त्यानं हात जोडले. बोलणं निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत चाललं होतं. बाला वाटलं, आपला माणूस आपल्याबद्दल काहीतरी चांगलं सांगतोय. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "व्हय साहेब."

मग मोठा हशा झाला.

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. कंपनीचा निळा कोट अंगात तसाच होता, पहिली पाळी बुडवून आले होते. शेजारी माय. ती कानाशी लागून म्हणाली, "काय म्हणले गं वकीलसाहेब?"

मी म्हणाले, "बाच्या बाजूनं बोलले."

जामीन नामंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात वकील रुमालानं मान पुसत म्हणाला, "काळजी करू नका. मी पाया घालून ठेवलाय." कशाचा पाया, ते त्या दिवशी मला कळलं नाही. मायनं त्याच्या पायाला हात लावला. त्यानं लावू दिला.

आम्ही धनगर. मेंढ्यांमागं फिरणारे. पीक निघालं की शेतकरी आम्हाला बोलावतात. आम्हाला म्हणजे मेंढ्यांना. कळप रानात बसवायचा, लेंड्यांनी जमीन पोसायची आणि पुढच्या रानात जायचं. रान त्याचं, विहीर त्याची, गावातून जाणारी वाट त्याची. आपलं काय, तर मेंढ्या आणि काठी. त्यामुळं आमच्यात एक पद्धत पडलेली. जमिनीचा मालक चिडला की आपल्या माणसानं आधी डोक्याचा पटका काढायचा, त्याच्या पायावर ठेवायचा आणि म्हणायचं, "चुकलं मालक, पदरात घ्या." काय चुकलं ते मागाहून विचारायचं. बहुतेक वेळा विचारायचंच नाही. आधी पटका, मग कारण. माझा आजा असंच करायचा, बासुद्धा तेच करायचा. लहानपणी मला ते राम राम घालण्यासारखंच वाटायचं. माणूस भेटला की राम राम, मालक चिडला की पटका.

मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकले आणि वाळूजला कंपनीत लागले. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायचं काम. दोन मैत्रिणींसोबत खोली करून राहत होते. त्या वर्षी बाचा कळप वाळूजच्या पुढं एका गावात बसला होता. रान दोघा भावांचं, थोरले मालक आणि धाकटे मालक. कंपन्या गावापर्यंत सरकत आल्या होत्या, जमिनीला भाव आला होता आणि भावाभावांत बोलणं बंद होतं. पण ते आमचं काम नव्हतं. बाचं काम मेंढ्या बसवायचं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. बाकडून ऐकलं आणि कोर्टात ऐकलं. दुपारी चार मेंढ्या धाकट्याच्या हरभऱ्यात शिरल्या. त्यानं बाला चारचौघांत थोबाडीत मारली. माझा बा तेव्हा पन्नाशी ओलांडलेला माणूस.  कळप घेऊन ओढ्याकडं गेला. संध्याकाळी धाकटे मालक विहिरीजवळ पडलेले सापडले. डोक्यात घाव. जीव गेलेला.

थोरल्यानं बाला बोलावणं धाडलं. बा आला. अंगणात माणसं जमलेली. ओसरीवर थोरले बसलेले, डोळे लाल. बानं काय केलं असेल? जे आज्यानं केलं असतं तेच. पटका काढला, पायावर ठेवला आणि म्हणाला, "चुकलं मालक, पदरात घ्या."

झालं. आरोपीनं चौघांदेखत गुन्हा कबूल केला. साक्षीदार चार, चारही मालकाच्या भावकीतले. बाची फांद्या तोडायची कुऱ्हाड जप्त झाली. पात्यावर माणसाचं रक्त निघालं. बाच्या नडगीवर त्याच कुऱ्हाडीची जखम होती, बाभूळ तोडताना लागलेली. जखमेबद्दल कुणी लिहून घेतलं नाही. रक्ताचा गट कळला नाही. कलम तीनशे दोन, खुनाचं.

धाकट्याला कुणी मारलं? मला माहीत नाही. गावात लोक काय कुजबुजतात ते मी ऐकलंय, पण इथं लिहिणार नाही. पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेतलं की त्या माणसाचं काय होतं, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं, चढता का म्हणून. गाडीत घातलं आणि चढवलं.

वकिलाचा बंगला गारखेड्यात होता. खाली ऑफिस, वर घर. ऑफिसात टेबलासमोर चार खुर्च्या, चारही रिकाम्या. माय सवयीनं खाली फरशीवर बसली. वकील तिला वर बस म्हणाला नाही. मी उभी राहिले, तर माझ्याकडं बघून म्हणाला, "बस ना तूही, आईशेजारी."

मी बसले नाही. उभीच राहिले. तेवढंच सुचलं तेव्हा.

मग त्यानं पाया कशाचा घातलाय ते सांगितलं. खून नाही म्हणायचं नाही. खून केला, पण रागाच्या भरात केला म्हणायचं. धाकट्यानं आधी मारलं, याचं डोकं फिरलं, हातात कुऱ्हाड होती, घाव बसला. मग तीनशे दोन जाऊन तीनशे चार लागतं. जन्मठेप टळते, काही वर्षांवर भागतं, त्यातली काही आत निघालेलीच असतात. न्यायाधीश आरोपीला शेवटी स्वतः प्रश्न विचारतात. तेव्हा बानं एकच वाक्य बोलायचं.

"पण मारलं नसंल तर?" मायनं विचारलं. हळूच, खाली बघून.

वकील हसला. "बाई, मारलं का नाही हा विषय कोर्टात नसतो. काय सिद्ध होतं हा विषय असतो. चार माणसांसमोर कबुली दिलीय त्यानं."

घरी येताना बसमध्ये माझ्या ध्यानात आलं. या माणसानं आमचं वकीलपत्र घेतल्यापासून बाला एकदाही विचारलं नव्हतं की तू मारलंस का? त्याला उत्तर माहीत होतं. असली माणसं भडकतात. कुंपणानंच शेत खाल्लं, तर मेंढरांना कशाला नावं ठेवायची?

हर्सूलच्या तुरुंगात भेटीला गेलो तर बा खुशीत होता. जाळीपलीकडून म्हणाला, "वाक्य पाठ झालं बरं का." आणि शाळेतल्या पोरासारखा हात बाजूला सोडून म्हणाला, "रागाच्या भरात हात उचलला गेला, साहेब."

मायनं डोळ्याला पदर लावला. आनंदानं. तिला वाटलं, आता नवरा सुटला.

मलाही तसंच वाटायला लागलं होतं. खोटं कशाला बोलू? चार-पाच वर्षांत बा घरी येईल, मग बाकी सगळं चुलीत जाऊ दे, असं मीही मनात म्हटलं होतं. पुढं एक दिवस कंपनीत जे घडलं ते घडलं नसतं, तर मीच बाचं वाक्य घोटून घेतलं असतं.

त्या दिवशी सुपरवायझर माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. भुवया चढलेल्या, हातात कसलीशी वायर. मी उठून उभी राहिले आणि माझ्या तोंडून निघालं, "चुकलं साहेब."

तो म्हणाला, "काय चुकलं?"

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तो शेजारच्या टेबलावरच्या बाईबद्दल विचारायला आला होता, ती कुठं गेली म्हणून. आदल्या दिवशी एक खोकं खराब निघालं होतं, कुणाचं ते सापडत नव्हतं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

"अच्छा, तुझं होतं काय ते? बरं झालं, स्वतःहून बोललीस. लिहितो तुझ्या नावावर."

मी म्हणाले, "माझं नाही साहेब ते."

"आत्ता तर चुकलं म्हणालीस."

आसपासच्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मी जुडगे बांधणारी, दहावी पास, पगार घेणारी, बसनं फिरणारी बाई. माझ्या डोक्यावर पटका नाही आणि सुपरवायझर काही जमिनीचा मालक नाही. तरी माझं तोंड माझ्याआधी बोललं होतं. बाचं तोंड. आज्याचं तोंड.  मला राग आला. सुपरवायझरचा राग नव्हता तो, माझ्या जिभेचा होता.

मी त्याला म्हणाले, "मी चुकलं म्हणाले कारण तुम्ही रागावलेले दिसलात. ते खोकं माझं नाही. लिहिलंत तर मी सही करणार नाही."

त्यानं लिहिलं नाही. "लई शहाणी झाली," म्हणत निघून गेला. मी खाली बसले, पण हाताला काम सुचेना. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बाला कुणी हे विचारलंय का?

पुढच्या भेटीला मी एकटी गेले. मायला मुद्दाम आणलं नाही.

"बा, त्या दिशी मालकाच्या पायावर पटका ठेवला, तवा धाकटे मेलेत हे तुला ठाऊक व्हतं का?"

बा गोंधळला. "न्हवतं. माणसं जमलेली दिसली. मालक चिडलेले दिसले. म्हणलं, मेंढ्यांचंच असंल."

"मग चुकलं कामून म्हणलास?"

 मी वेड्यासारखं काहीतरी विचारतेय असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "मालक चिडलेले व्हते ना," तो म्हणाला.

"मारलंस का तू?"

"नाय गं. मी कशाला मारू? मी तर ओढ्यावर व्हतो." मग म्हणाला, "हे पहिल्यांदाच कुणी इचारलं."

मी तशीच गारखेड्याला गेले. वकील जेवायला निघाला होता. मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. पटका कसा ठेवतात, का ठेवतात, आधी ठेवतात आणि मग विचारतात. ही कबुली नव्हती, ही सवय होती, हे कोर्टात सांगा.

त्यानं शांतपणे ऐकलं. मग हसला. अगदी घरच्यासारखं.

"मला काय सांगतेस? गावाकडं आमचीही जमीन. आमच्या दारात रोज ठेवायचे. माझे वडील ओरडले की तीन-तीन पटके पायावर. आम्ही पोरं मोजायचो."

म्हणजे याला माहीत होतं. सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की त्या पटक्याला काही अर्थ नाही. त्यानं लहानपणी खेळ म्हणून ते बघितलं होतं. आणि तरी माझ्या बाला तो वाक्य पाठ करायला लावत होता.

"मग हेच सांगा ना कोर्टात," मी म्हणाले.

त्याचं हसू गेलं. "काय सांगू? की आमच्यासारख्यांच्या घरी लोक गुन्हा नसतानाही पाया पडतात? उद्या पेपरात येईल. मला या शहरात वकिली करायची आहे. फिर्यादीचे नातेवाईक माझे पाहुणे लागतात. तरी मी तुमची केस घेतली. उपकार समज."

उपकार. चार रिकाम्या खुर्च्या आणि फरशीवर माझी माय. उपकार.

"फाइल द्या," मी म्हणाले.

"काय?"

"आमच्या केसची फाइल द्या. आणि दुसरा वकील लावायला तुमची हरकत नाही असं लिहून द्या."

तो मोठ्यानं बोलायला लागला. वर घरातून कुणी खाली डोकावलं. मला अक्कल नाही, बापाला फासावर चढवशील, तुझ्यासारख्या पोरींना दोन बुकं शिकवली की असंच होतं, सगळं ऐकवलं. मला भीती वाटली नाही असं नाही.  पण त्या भीतीपोटी तोंडातून "चुकलं" निघालं नाही. पहिल्यांदा निघालं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या कारकुनानं फाइल माझ्या हातात दिली.

नवा वकील शोधायला लई फिरले. खुनाची केस अर्ध्यावरून घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसणारा एक म्हातारा मुसलमान वकील मिळाला. सगळे त्याला चाचा म्हणायचे. ऑफिस नाही, कोटाची बाही उसवलेली, सतत तंबाखू. तारखा विसरायचा, मला शिव्या द्यायचा. देवमाणूस वगैरे काही नव्हता. पण फाइल उघडायच्याही आधी त्यानं विचारलं, "पहले ये बता बेटा, तेरे बाबा ने मारा क्या?"

"नाही."

"मारा होता तो भी लडता था. पर लडने का तरीका अलग होता." मग त्यानं फाइल उघडली.

थोरल्या मालकाची उलटतपासणी बाकी होती. चाचानं त्याला आवाज न चढवता विचारलं, "आरोपीनं याआधी कधी तुमच्या पायावर पटका ठेवला होता?"

मालक छाती काढून म्हणाला, "कितीदा! आम्ही रागावलो की ठेवतोच."

"गुन्हा केलेला असायचा प्रत्येक वेळी?"

"गुन्हा कसला? त्यांची रीतच आहे. आम्ही नुसतं मोठ्यानं बोललं तरी ठेवतात."

चाचा खाली बसला. मालकाला आपण काय बोलून बसलो ते कळलंच नाही. रुबाबात पिंजऱ्यातून उतरला. टाइप करणाऱ्या बाईनं ते शब्द टाइप केले, न्यायाधीशांनी सही केली. आम्हाला जे सिद्ध करायचं होतं ते मालकानं स्वतःच्या मोठेपणापायी लिहून दिलं होतं.

मग बाची पाळी आली. न्यायाधीशांनी त्याला पुढं बोलावलं. मला त्या दिवसाची सगळ्यात जास्त धास्ती होती. समोर उंच खुर्ची, उंच खुर्चीवर मोठा माणूस, आणि माझ्या बाला अशा माणसाला जन्मात "नाही" म्हणायचं ठाऊक नाही. भेटीत मी त्याला वाक्य पाठ करायला दिलं नव्हतं. एवढंच म्हणाले होते, खरं तेवढं सांग.

"तुम्ही चार साक्षीदारांसमोर गुन्हा कबूल केला, हे खरं आहे का?"

बाचा हात वर गेला. डोक्याकडं.  पटक्यापर्यंत गेलेला हात त्यानं तिथंच थांबवला.  मग खाली आणला आणि कठड्यावर ठेवला.

"नाय साहेब. खोटं हाय."

"मग पागोटं का ठेवलंत?"

"मालक रागात व्हते. आमाला तेवढंच शिकवलंय."

कुणी हसलं नाही. माय रडत होती. मी रडले नाही. माझा बा मला त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण उंचीचा दिसला.

निकाल लागला. जन्मठेप.

निकालात म्हटलं होतं की निर्दोष माणूस असं कुणाच्या पायावर पागोटं ठेवत नाही. त्याचं ते वागणंच त्याचा अपराध सांगतं. मी ते पान चाचाकडून वाचून घेतलं. मग स्वतः वाचलं. पुन्हा वाचलं. मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं कुठंच नव्हतं. म्हणजे कागदावर होतं, पण ऐकलेलं नव्हतं.

व्हरांड्यात पहिला वकील भेटला. मुद्दाम थांबला. म्हणाला, "मी सांगितलं होतं. माझं ऐकलं असतं तर एव्हाना घरी असता." खोटं नव्हतं ते. कदाचित असताही. हे मी मान्य करते आणि ते दरवेळी मला चावतं.

मायनं माझ्याशी बोलणं टाकलं. मग एक दिवस बोलली ते हे: "पोटच्या पोरीनं बापाला आत घातलं." भावकीत तेच, चुलत्याकडं तेच. माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. आधी मी खुन्याची पोरगी होते, आता बापाला कुजवणारी पोरगी झाले. लोकांना एक तरी नाव द्यावंच लागतं. देऊ द्या.

आता हायकोर्टात अपील करायचं होतं. या शहरातच हायकोर्टाचं खंडपीठ आहे, पण आमच्यासाठी ते दिल्लीइतकं लांब. चाचानं अपील लिहून घेतलं. शेवटच्या पानावर मागण्या होत्या. पहिली, आरोपीला निर्दोष सोडावं. तिच्याखाली दुसरी: तसं करणं शक्य नसेल तर निदान गुन्हा रागाच्या भरातला धरून शिक्षा कमी करावी.

"हे काय?" मी विचारलं.

"सब रखते, बेटा. हर अपील में रहता. एक दरवाजा बंद हुआ तो दूसरा खुला रहना."

माय शेजारीच होती. तिनं पहिल्यांदा माझा हात धरला. "राहू दे ती," म्हणाली. "पाया पडते तुझ्या. राहू दे."

माझ्या मायनं माझ्या पाया पडावं? मला त्या क्षणी सगळ्या जगाचा राग आला. ज्या जगानं तिला मागण्याची ही एकच पद्धत शिकवली त्या जगाचा. पण ती ओळ ठेवायची की काढायची हे मी ठरवणार नव्हते. मायही नाही. शिक्षा बा भोगत होता.

आम्ही दोघी हर्सूलला गेलो. जाळीपलीकडं बा लई उतरलेला दिसला. केस पांढरे, एक डोळा सुजलेला. मी त्याला कसलीही बाजू न घेता सगळं सांगितलं. ओळ ठेवली तर लवकर सुटायची थोडी आशा. काढली तर एकच रस्ता. सुटला तर पूर्ण सुटला, नाही तर आहेस तसा.

बानं विचारलं, "ती ओळ म्हंजी मी मारलं असं व्हतं का?"

"मारलं, पण रागात मारलं, असं होतं."

"मंग काढ."

मायचा आवाज फुटला. "आन् तू हितंच मेलास तर?"

बानं तिच्याकडं बघितलं. नजरेत कठोरपणा नव्हता, पण ढळलीही नाही. "तर न मारता मेलो," तो म्हणाला.

ओळ काढली. चाचानं माझ्यासमोर त्यावर रेघ मारली, पान नव्यानं टाइप करून घेतलं आणि अपील दाखल केलं. ते अजून पडून आहे. चाचाला आता नीट दिसत नाही, तर सगळी फाइल मी त्याला वाचून दाखवते. जाता येता मला कायदा तोंडपाठ होत चाललाय. कंपनी सोडलेली नाही. खटल्याला पगार लागतो.

मध्ये मालकाच्या घरचा एकजण निरोप घेऊन आला. झालं गेलं विसरा, म्हणाला, एकदा गावात येऊन माफी मागा, आम्ही हायकोर्टात शिक्षा कमी करायला विरोध करणार नाही. मी त्याला पाणीही विचारलं नाही. मी म्हणाले, माफी कशाची? तो जायला वळला. मग मी म्हणाले, उत्तर सापडलं की या.

आमची मागणी एकच आहे. बानं खून केलेला नाही, त्याला सोडा. कमी करा म्हणणार नाही. दया करा म्हणणार नाही. तुम्हाला त्याला आत ठेवायचं असेल तर खुनी म्हणूनच ठेवा, आणि तो खुनी आहे हे पटक्याशिवाय सिद्ध करून दाखवा. दाखवता येत नसेल तर दार उघडा. तोवर मी प्रत्येक तारखेला येणार. बा तिथं मेला तरी येणार.